एक तारखेची बेगमी

महिन्याचा शेवटचा वर्किंग डे. दुपारचे साधारण साडेबारा. फ्लोअरवर एकेक मोबाइल 'टिंग' करायला लागतो. कुणी काही बोलत नाही, पण चेहरे बघण्यासारखे होतात. चहावाल्याची उधारी चुकती होते, डबा बाजूला पडून बिर्याणी ठरते आणि कुणीतरी हमखास म्हणतंच, "चला, आले बुवा एकदाचे!"

तो 'टिंग' नऊ वर्षं मी वाजवलाय. अक्षरशः! हिंजवडीतल्या एका कंपनीत मी पेरोलला होते. कुणाची लीव्ह विदाउट पे, कुणाचा पीएफ, कुणाच्या घरभाड्याच्या संशयास्पद पावत्या (हो, आम्हाला कळायचं), सगळं निस्तरून अडीच हजार लोकांच्या खात्यात पगार वेळेवर पडला पाहिजे, एवढंच माझं काम. एकदा सिस्टिम बसली आणि पगार एक दिवस उशिरा झाला. एकच दिवस! तर माझ्या डेस्कपाशी असा घोळका जमला, की जणू मीच पैसे घेऊन पळाले होते. तेव्हा मला ते सगळे जाम बालिश वाटले. आता नाही वाटत.

कारण 2019 च्या जूनमध्ये मी ती नोकरी सोडली आणि कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेच्या किचनमधून पुरणपोळ्या, गूळपोळ्या, उकडीचे मोदक, अनारसे, दिवाळीचा फराळ असं सगळं सुरू केलं. वर्षाला 100 रुपये भरून फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन केलं, बोहरी आळीतून पॅकिंगचे डबे आणले आणि झाले 'स्वतःची बॉस'. मैत्रिणी म्हणतात, "मस्त ना गं, सकाळी सकाळी कंपनीच्या बसमागे धावायची कटकट नाही!" नाहीच. बस नाही, अप्रेझल नाही, बॉसची कटकट नाही. आणि टिंग पण नाही.

मागच्या काही आठवड्यांत या कॉलमकडे ज्या मेल्स आल्या, त्यातल्या बऱ्याच जणांना नोकरी सोडून घरून काहीतरी सुरू करायचंय. कुणाला केक, कुणाला साबण, कुणाला कंटेंट रायटिंग. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न तोच, जरा लाजत लाजत विचारलेला: "मॅडम, महिन्याला किती सुटतात?"

प्रश्न रास्त आहे हो. पण त्यातला 'महिन्याला' हा शब्दच गडबड आहे. थांबा, सरळ आकडेच देते. लपवून काय करायचंय?

2023-24 चं आर्थिक वर्ष. सामान, गॅस, डबे, मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी, सगळं वजा जाता हातात राहिले ते असे. एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, 22 हजार. मे महिन्यात अर्धं पुणं गावाला आणि उरलेलं आमरसावर, त्यामुळे 9 हजार. जूनला 11. मग जुलै 38 आणि ऑगस्ट 46 (का, ते पुढे सांगते, भारी किस्सा आहे). सप्टेंबरला गणपती, म्हणजे मोदक, म्हणजे 52 हजार. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पितृपक्ष, त्या दिवसांत लोक माझा नंबरच विसरतात, 14 हजार. नोव्हेंबरला दिवाळी: 1 लाख 18 हजार! डिसेंबरला अख्खं शहर फराळाचं पाप धुवायला जिममध्ये जातं, 12 हजार. जानेवारीत गूळपोळी, 34. फेब्रुवारी 13. मार्चमध्ये होळीची पुरणपोळी, 21.

बेरीज 3 लाख 90 हजार. भागिले बारा, 32 हजार 500. आता या सरासरीच्या आसपास फक्त एक जानेवारी फिरकला. बाकी अकरा महिने कुठे आकाशात, नाहीतर कुठे खड्ड्यात. सरासरी एक्सेल शीटमध्ये असते, पर्समध्ये नसते.

तुम्ही म्हणाल, खड्ड्यातल्या महिन्यांचं टेन्शन येत असेल ना? येतं. पण माझा अनुभव विचाराल तर मला वाईट महिन्याने कधीच बुडवलं नाही. वाईट महिन्यात माणूस आपोआप शहाणा होतो, रिक्षाऐवजी पीएमटी पकडतो (हो, मी अजून पीएमटीच म्हणते). मला बुडवलं ते चांगल्या महिन्याने.

ती दिवाळी 2022 ची. लॉकडाऊनची दोन वर्षं गेल्यानंतरची पहिली मोकळी दिवाळी, आणि लोकांनी जी काय खरेदी केली म्हणता! चकल्यांनी मी स्वप्नातसुद्धा सोऱ्या फिरवत होते. भाऊबीजेच्या रात्री दिवे मालवून मोबाइलवर बॅलन्स बघितला. 1 लाख 84 हजार. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "अगं, हा माझ्या दोन पगारांपेक्षा जास्त आहे!" झालं. त्या एका वाक्याने मी जी हवेत गेले ती पुढचे पंधरा दिवस खाली आलेच नाही. मोठा डबल डोअर फ्रिज घेतला, 46 हजार. थर्टी फर्स्टचं गोव्याचं बुकिंग, 38 हजार. आईला आणि सासूबाईंना साड्या, भाच्यांना गिफ्ट्स, 26 हजार. 'एवढं मर मर मेलो, मग एवढं तर डिझर्व्ह करतोच ना?'

मग एकेक कागद यायला लागला. मार्केट यार्डातल्या दुकानाचं तूप आणि सुक्या मेव्याचं उधारीचं बिल, 62 हजार. मावशींची राहिलेली मजुरी, 18 हजार. डब्यांचे 8. म्हणजे 1 लाख 84 मधले माझे फक्त 96 हजार होते, आणि मी उडवले होते 1 लाख 10! ग्रॉस आणि नेट यांतला फरक नऊ वर्षं लोकांना समजावून सांगणारी बाई मी. हसू नका.

तरी तोपर्यंत ठीक होतं. नवऱ्याचा पगार होता ना. 'बिझनेस' वगैरे मी म्हणायचे खरं, पण घराचा हप्ता, किराणा, लाइटबिल, सगळं त्याच्या पगारातून चालायचं. माझे पैसे म्हणजे वरचे. आले तर दिवाळी, नाही आले तर नाही.

2023 च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात त्याची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात आयटीमध्ये कपातीचं वारंच सुटलं होतं. सकाळी एचआरचा कॉल, दुपारी लॅपटॉप परत. घरी आला तेव्हा माझ्या ओट्यावर दीडशे गूळपोळ्या निवत पडलेल्या. त्याच संध्याकाळी मी त्या पोचवायला सोसायट्यांमधून फिरले, हळदीकुंकवाच्या घरी तिळगूळ घेतला आणि "कसं चाललंय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला "मस्त!" म्हणून सांगितलं. इतकं खोटं एका संध्याकाळी मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्याचा फुल अँड फायनल मार्चअखेरपर्यंत अडकला. 5 फेब्रुवारीला घराचा हप्ता असतो, साडेसत्तावीस हजार. खात्यात होते 19,300. हप्ता बाउन्स झाला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, त्यात बँकेच्या दंडाचा आकडा. रक्कम फार नव्हती. पण तो 'टिंग' वाजला आणि मला माझ्या डेस्कभोवती जमलेला तो घोळका आठवला. एका दिवसाच्या उशिरामुळे कुणाकुणाचं काय काय अडलं असेल, हे मला बारा वर्षांनी कळत होतं.

आणि त्याच आठवड्यातली एक गोष्ट, जी लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

माझ्याकडे दोन मावशी मदतीला येतात. काम असेल तेव्हा बोलवायचं, दिवसावर पैसे. त्यातल्या थोरल्या मावशी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "ताई, तीन हजार मिळतील का? पोराची परीक्षेची फी भरायचीय. पाडव्याच्या कामात फिटवून टाकीन." मी म्हटलं, "मावशी, माझंच कठीण चाललंय हो सध्या." खरंच होतं ते. त्यांनी मान हलवली. आणि त्यांची नजर माझ्या मागे गेली, नव्या डबल डोअर फ्रिजवर. एक सेकंदच. मग म्हणाल्या, "असू दे, ताई," आणि गेल्या.

बरेच महिन्यांनी कळलं, की त्यांनी भिशी लवकर उचलली होती. लिलावाची भिशी. घाईत उचललं की बोली लावून तोटा सोसावा लागतो. तसा सोसला.

माझा सीझन नसतो तेव्हा मला मंदी असते. त्यांना त्या दिवसांत कामच नसतं. माझ्या कमी-जास्त कमाईचा अर्धा धक्का मी त्यांच्यावर ढकलून मोकळी होत होते, आणि हे मला, कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसलेलीला, तोपर्यंत दिसलंही नव्हतं.

त्या रात्री आईला फोन केला. पैसे मागायला नाही, रडायला. आई देवगडजवळच्या एका गावातली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तुला महिन्याच्या पगाराची सवय म्हणून तुला हे नवीन वाटतंय. तुझ्या आजीला वर्षातून एकदा पैसा दिसायचा."

आणि मग जे तिने सांगितलं, ते कुठल्याही फायनान्सच्या गुरूने मला सांगितलं नव्हतं.

आजोबांची हापूसची कलमं होती. आंबा एप्रिल-मेमध्ये मुंबईला दलालाकडे जायचा. दलालाने सीझनच्या आधीच उचल दिलेली असायची. ती वळती करून पट्टी यायची, तेव्हा कळायचं की खरे आपले किती. आजी आधी राखणीची मजुरी, पेट्यांचे, खताचे पैसे बाजूला काढायची. ते तिच्या लेखी पैसेच नव्हते, ते 'लोकांचे' होते. मग अगोट. म्हणजे पावसाळ्याची बेगमी: तांदूळ, डाळी, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा. मग पोरांच्या शाळेचं. आणि उरलेले पोस्टात. पोस्टातून दर महिन्याला ठरलेली एकच रक्कम काढायची, बाजाराच्या दिवशी.

"आणि चांगल्या वर्षी?" मी विचारलं. "आंबा खूप झाला तर?"

"तेवढेच."

"आणि मोहोर जळला तर?"

"तरी तेवढेच. म्हणून तर चांगल्या वर्षी तेवढेच ना गं! एकदा बंपर आंबा झाला, तुझ्या आजोबांना रेडिओ हवा होता. आजी म्हणाली, पुढचा मोहोर दिसू दे. दिसला, मग आला रेडिओ."

(तो रेडिओ अजून मामाकडे आहे. चालत नाही. पण आहे.)

दुसऱ्या दिवशी मी दुसरं बँक खातं उघडलं. नेट बँकिंगमध्ये खात्याला टोपणनाव देता येतं, तिथे 'बेगमी' असं टाकलं. नियम साधा. ऑर्डरचा प्रत्येक रुपया, यूपीआयने येवो की रोख, बेगमीत जाणार. तूप, गूळ, डबे, मजुरी, सगळं बेगमीतून. आणि महिन्याच्या एक तारखेला बेगमीतून माझ्या घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप ट्रान्सफर, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून. म्हणजे थोडक्यात, मीच कंपनी, मीच पेरोल, आणि मीच ती एम्प्लॉयी, जी महिनाअखेरीला तोंड वेडंवाकडं करते.

किती पगार द्यायचा, इथे सगळे चुकतात. सरासरी काढून तेवढा द्यायचा मोह होतो. नका देऊ! हातात साठा नसताना सरासरीएवढा पगार घेतलात, तर पहिल्या दोन वाईट महिन्यांतच खातं कोरडं. मी मागच्या वर्षातले सगळ्यात मरतुकडे तीन महिने घेतले, त्यांची सरासरी काढली. 12 हजारांच्या आसपास आली. मार्चमधल्या होळी-पाडव्याच्या ऑर्डर्सचे 23 हजार बेगमीत टाकून सुरुवात केली आणि 1 एप्रिल 2023 ला स्वतःला पहिला पगार दिला, बारा हजार फक्त.

नवरा घरीच होता, इंटरव्ह्यू देत. त्याला हसू आवरेना. "अडीच हजार लोकांचे पगार करणारी बाई स्वतःला बारा हजारांवर ठेवते! युनियन काढू का?" त्याने एक्सेलमध्ये चक्क सॅलरी स्लिप बनवली. बेसिक 12,000. कन्व्हेयन्स शून्य (बेडरूम ते किचन). परफॉर्मन्स बोनस: तुटका अनारसा, एक नग. प्रिंट काढून फ्रिजवर लावली, त्याच डबल डोअरवर. त्या घरात महिनाभराने कुणीतरी हसलं होतं, म्हणून ती मी काढली नाही.

एप्रिल निभावला. मे-जूनमध्ये कमाई पगारापेक्षा कमी, तरी एक तारखेला टिंग वाजला. त्याचा फुल अँड फायनल आला होता, त्यातून हप्ते चालले होते. जूनअखेर त्याला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची, पण लागली. आणि जुलैत आला अधिक मास.

आता तो किस्सा. 2023 ला अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. धोंड्याचा महिना! तीनेक वर्षांनी एकदा येतो, त्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, केकवाल्यांचं आणि केटरर्सचं तोंड उतरलेलं. पण जावयाला वाण द्यायचं असतं, 33 अनारसे. आणि आजच्या सासूबाईंपैकी घरी अनारसे करतं कोण? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत अर्धवट वाळवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचं. एवढं करून पीठ बिघडलं तर अनारसा तुपात विरघळून जाळी जाळी होऊन पसरतो. त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. अनारसा हसला की करणारीने रडायचं!

त्या महिन्यात फोन थांबेचनात. कोथरूड, सिंहगड रोड, पिंपरी, कुठून कुठून. जुलै आणि ऑगस्ट मिळून 84 हजार सुटले. आणि माझा पगार? बारा हजार.

तुम्हाला सांगते, मेमधल्या 9 हजारांनी जितका त्रास झाला नाही, तितका त्या 84 हजारांनी झाला. रोज बेगमीचा बॅलन्स बघायचा, रोज मनात यायचं, आपलेच तर आहेत! पगार वाढवायला एक मिनिट लागतं मोबाइलवर. शेवटी एक नियम केला, की पगारवाढ वर्षातून दोनदाच ठरणार, दिवाळीनंतर आणि पाडव्यानंतर. अधेमधे कितीही पैसा येवो, कंपनीची पॉलिसी म्हणजे पॉलिसी. पेरोलमध्ये असताना लोकांना हेच थंडपणे सांगायचे आणि लोक मला मनात शिव्या घालायचे. आता मी मलाच घातल्या.

नोव्हेंबरअखेर, दिवाळीची सगळी बिलं चुकती करून, बेगमीत 2 लाख 37 हजार होते. डिसेंबरपासून पगार 24 हजार केला. त्या हिशोबाने एकही ऑर्डर आली नाही तरी जवळजवळ दहा महिन्यांची सोय. डिसेंबरला कमाई 12 हजार होती, पण मला ते वहीत बघितल्यावर कळलं. मंदीचा महिना आला आणि गेला, मला घाम फुटला नाही. तो डिसेंबर मला कुठल्याही दिवाळीपेक्षा श्रीमंत वाटला होता!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या शिव्या घालाल. हा फंडा कमी-जास्त कमाईसाठी आहे, कमी कमाईसाठी नाही. वर्षाची बेरीजच घरभाड्याला पुरत नसेल, तर ती दोन खात्यांत विभागून वाढत नाही. मग भाव वाढवा, पदार्थ बदला किंवा पार्ट टाइम काहीतरी धरा. आणि माझ्यामागे जूननंतर नवऱ्याचा पगार होता, हेही खरं. ज्या एकट्या आहेत त्यांनी माझ्यासारखं जूनमध्ये टेचात राजीनामा देऊ नये. आधी नोकरीत असताना सहा महिन्यांची बेगमी, मग राजीनामा. ऑफिसचा मेडिक्लेमही राजीनाम्याबरोबरच जातो, तेव्हा स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स त्याआधीच काढून ठेवा. मी तो सात महिने उशिरा काढला. त्या सात महिन्यांत कुणी पडलं-झडलं नाही, हे नशीब.

माझ्याकडे निदान पैसे वेळेवर येतात. अर्धे ॲडव्हान्स, उरलेले डबा हातात देताना. ज्यांचं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या, त्यांची तऱ्हा वेगळी. माझी एक मैत्रीण घरून ग्राफिक डिझाइन करते. काम मार्चमध्ये, पैसे जुलैत. वर दहा टक्के टीडीएस कापलेला, तो रिटर्न भरून परत मिळेपर्यंत पुढची दिवाळी! अकाउंट्सला फोन केला की "मॅडम, साहेब सुट्टीवर आहेत." हा साहेब कुठल्या बेटावर राहतो कुणास ठाऊक, कायम सुट्टीवर. तिने शेवटी 'उद्यम'चं रजिस्ट्रेशन केलं. ऑनलाइन होतं, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या धंद्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. आणि 2024 च्या आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही शेवटची गोष्ट अकाउंट्सवाल्यांना बरोब्बर कळते. मैत्रीण आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर ठळक छापते. भांडण नाही, तंटा नाही. साहेब बराच वेळा सुट्टीवरून लवकर परत येतात.

टॅक्सचं थोडक्यात. माझ्या कमाईवर टॅक्स बसत नाही, तरी रिटर्न दरवर्षी भरते, कारण उद्या कर्ज काढायला गेले तर बँक सॅलरी स्लिप नाही, दोन-तीन वर्षांचे रिटर्न्स मागते (फ्रिजवरची स्लिप चालत नाही, विचारून बघितलं). ज्यांचा वर्षाचा टॅक्स 10 हजारांच्या वर जातो, त्यांनी 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. ॲडव्हान्स टॅक्सचे पैसे हे आजीच्या भाषेत 'लोकांचे' पैसे. आले त्याच दिवशी बाजूला.

आणि मावशी. 2024 च्या जानेवारीपासून दोघींना दर महिन्याला अडीच हजार ठरलेले देते, काम असो-नसो. दिवसाची मजुरी त्याच्या वर वेगळी. फार नाहीत, मला माहितेय. पण एक तारखेला त्यांच्याही फोनवर काहीतरी वाजतं. पहिल्या महिन्यात थोरल्या मावशींनी विचारलं, "ताई, हे कशाचे?" मी म्हटलं, "पगार." त्या म्हणाल्या, "पण काम कुठं केलं?" याचं उत्तर काय द्यायचं ते मला सुचलं नाही, मी चहा टाकला. 2023 च्या त्या तीन हजारांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. काढायला हवा होता मी. अजून जमलेलं नाही.

2026 चं कॅलेंडर घरी आलं तेव्हा नवऱ्याने चतुर्थ्या आणि लाँग वीकेंड बघितले, मी अधिक मास शोधला. अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून! म्हणजे माझे सगळ्यात मरतुकडे दोन महिने, आणि त्यातच अनारसे. मी लाल पेनने गोल केला. नवरा मागून बघत होताच.

"म्हणजे जून मस्त जाणार? मग पावसात केरळ बुक करू?"

"आधी तांदूळ भिजू देत," मी म्हटलं.

"निदान विमानाची तिकिटं? आता स्वस्त मिळतील."

"आणि अनारसे हसले तर?"

तो गप्प बसला. मग फ्रिजपाशी गेला, जुनी सॅलरी स्लिप काढली आणि पेनाने परफॉर्मन्स बोनसच्या पुढे लिहिलं: अनारसे, दोन नग. खाली सही माझी घेतली.